पुडी आठवड्याची, घेतली रोज

मित्रहो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

वरठीच्या कारखान्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या वंदनाताईंचे गुडघे दुखायचे. मी दहावी नापास, पण औषधाच्या पाकिटावरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचून समजून घेतो, आणि याचा मला अभिमान आहे. व्हिटॅमिन डीची पुडी त्यांना मीच सुचवली. जेवण झाल्यावर, कोमट दुधात, गाठी न होऊ देता, असं सगळं बजावून सांगितलं.

आज त्यांनी डबा उघडलाच नाही. दोन महिन्यांपासून मळमळ आणि सारखी तहान. रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, किडनीवर ताण आलाय.

"ताई, पुडी किती दिवसांनी घेता?"

"रोजच घेऊन राहिली ना भाऊ!"

ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. नेमकं हेच मी सांगितलं नव्हतं.

"पाकिटावर लिहिलंय ना, ताई."

"तुमी सांगतल्यावर पाकीट कायले वाचू?"

डॉक्टरांनी पुडी बंद केली आहे. चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासणार.

माझ्या सांगण्यावरून आणखी सहा जण ती घेतात. चौघांना फोन लागला, दोघांच्या घरी आता निघालोय.

तुम्ही कोणाला काय सुचवलंय? ते कसं घेतात, विचारलंय कधी?