पाचव्या तासाची विश्रांती

पाऊस लहरी झाला, तसे नांदगाव खंडेश्वरकडचे नत्थुजी त्याच्याहून लहरी झाले. पावसानं ओढ दिली त्या साली त्यांनी कपाशी मोडून तीळ पेरला, आणि तीळ उगवतो न उगवतो तोच धो धो पाऊस आला. पुढच्या साली शेवगा लावला, तो गारपिटीनं आडवा केला. गाव त्यांना 'हवामान खातं' म्हणू लागलं. बायको सुंदराबाई तर तोंडावरच बोलायची, "हवामान सालातून एकदा बदलते, तुमी तीनदा बदलून राहिले."

यंदा तिनं निर्वाणीचं सांगितलं. तीन एकरांतलं सोयाबीन साधलं तर ठीक, गेलं तर पुढच्या सालापासून पेरा ती ठरवणार. नत्थुजींनी शर्त मान्य केली, पण मनातून ते चरकले. पेऱ्याचा हक्क गेला तर पारावर बसून माणसानं बोलावं तरी कशावर?

पेरणीच्या तोंडावर मोबाईलवर शेतीसल्ल्याचा फोन आला. रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, "वाढतं ऊन पाहता पेरणी करताना चार तासांनंतर एक तास विश्रांती द्यावी." कोणाला द्यावी, ते सांगायच्या आत रेंज गेली. बाईंच्या मनात बैल आणि मजूर होते. पण वऱ्हाडात पेरणीच्या ओळीलाही तास म्हणतात. नत्थुजींनी चार ओळी पेरून पाचवी कोरी सोडली, आणि तिन्ही एकर असेच पेरून काढले.

शेजारच्या श्यामनं तोच फोन शेवटपर्यंत ऐकला होता. "काका, ते बाई घड्याळातला तास सांगून राहिली होती!" सारा पार पोट धरून हसला.

सुंदराबाईला काही हसू आलं नाही. कोऱ्या ओळींत गुडघाभर तण माजलं होतं. तिनं रागारागात डवऱ्याला, म्हणजे तण काढायच्या औताला, माती लोटण्यासाठी दोर गुंडाळला, बैल जुंपले आणि दोन्ही बाजूंना माती लोटत ते तण गाडलं. प्रत्येक पाचव्या ओळीत चांगली खोल सरी पडली.

पोळ्याच्या आधी चार दिवस पावसानं उसंत घेतली नाही. श्यामचं सोयाबीन साचल्या पाण्यात पिवळं पडलं. नत्थुजींच्या वावरातलं पाणी सऱ्यांमधून नाल्याला लागलं आणि पीक हिरवंगार राहिलं.

कृषी सहाय्यक आकांक्षा मॅडम पाहायला आल्या. त्यांच्या मागोमाग अर्धा गाव आला.

"ही कल्पना सुचली कशी?" मॅडमनी विचारलं.

"दोन सालांपासून अभ्यास करून राहिलो होतो," नत्थुजी छाती फुगवून म्हणाले. श्यामला जोराचा खोकला आला.

"आणि पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला तर?"

नत्थुजींचा अभ्यास तिथंच आटोपला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"सऱ्यांचे तोंडं बुजून टाकू," ती म्हणाली. "पाणी वावरातच मुरन."

"आणि आलाच नाही तर? असं किती वर्षं निभेल?"

"ते मले नाई सांगता येत, मॅडम. दर साली काही ना काही करून पाह्यतो. दर साली ते पुरंनच असं नाई. भेव वाटते."

वीस वर्षांच्या संसारात भीतीचा हा शब्द नत्थुजींनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

मॅडमनी प्रयोगाची नोंद करायला कागद काढला आणि शेतकऱ्याचं नाव विचारलं. श्याम 'नत्थुजी' म्हणाला आणि मॅडमनी ते लिहून घेतलं.

"खोडा ते. सुंदराबाई लिहा," नत्थुजी म्हणाले. "पुढच्या सालचा पेराबी हीच ठरवीन."

"काहून?" सुंदराबाई चमकली. "सोयाबीन वाचलं. शर्त तं तुमी जिंकली."

"जिंकलो तं खरं. पन भेव मलेबी वाटते. एकट्यानं नाई ठरवल्या जात आता."