आमच्या जिनाचं नाव मुंबईत

घंटा झाली, मुंबईचा शेअर बाजार बंद झाला, आणि आमच्या कंपनीचं नाव दिवसभरात कोणी उच्चारलंसुद्धा नव्हतं.

त्या वेळी मी वाशिमच्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा सेक्रेटरी होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढणं, प्रेसिंग म्हणजे उरलेल्या रुईच्या गाठी बांधणं. आमचे शेअर तोवर कापूस बाजारातच, चहा पितापिता या हातातून त्या हातात जायचे. आता मुंबईच्या एक्स्चेंजवर लिस्टिंग झालं होतं, म्हणजे तिथल्या यादीत नाव लागलं होतं. नवीन प्रेस घ्यायची, तर मुंबईत नवे शेअर विकणं भाग होतं.

आमचे ब्रोकर म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, घेणारा आहे माझ्याकडे. विकणारा कुठाय? सौदा झाल्याशिवाय भाव लागत नाही. आणि भाव नसलेल्या कंपनीचे नवे शेअर कोण घेणार?"

मी वाशिमला परतलो. हंगाम ऐन भरात होता. जिनाच्या आवारात रुईचे तंतू उन्हात तरंगत असायचे. बैल, गाड्या, माणसं सगळी त्या पांढऱ्या धुक्यातून आवाज न करता चालल्यासारखी वाटायची. मीही तसाच वावरत होतो. हिशेब तपासताना मध्येच मुंबईचा तो हॉल दिसायचा. कोणीतरी आमचं नाव घ्यायला तोंड उघडलंय, आणि आवाज फुटत नाही.

आपले थोडे शेअर विकाल का, असं चेअरमन भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी इकले तं लोक म्हनतीन, मालकच पळून राह्यला. दुसरा कोनी पाहा."

केनवडच्या पाटलांनी चहा पाजला आणि नकार दिला. "जिनात आपला वाटा हाय, असं सोयऱ्याईले सांगतो आमी. इकून मंग काय सांगू?"

असे चार गावांत नकार घेऊन आमच्या वाशिमजवळच्या मालेगावला पोचलो. तिथे युसुफभाई पिंजारी राहायचे. कापूस पिंजून गाद्या भरायचा त्यांचा धंदा. जिन निघाला तेव्हा हौसेनं शेअर घेतलेले. मी बोलत होतो आणि त्यांची धनुकली चालूच होती.

"इकले तं काय हुईन?"

"भाव लागेल. आपल्या कंपनीचं नाव तिथे मोठ्यानं पुकारतील."

धनुकली थांबली. "वाशिमच्या जिनाचं नाव? मुंबईत?"

"हो. पण भाव इथल्यापेक्षा कमीच येईल, युसुफभाई. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही."

त्यांनी धनुकली खाली ठेवली. "जिंदगीभर गाठी मुंबईले जाताना पाह्यल्या. जातात कुठी, ते कधी पाह्यलं नाही. थोडेसे इकतो. पन मले आयकाले नेता काय?"

अकोल्याला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो. युसुफभाई खिडकीपासून हलले नाहीत. रात्रभर झोपलेही नाहीत.

ब्रोकरनं आम्हाला जिन्यात उभं केलं. तिथून हॉल दिसायचा. खाली नुसता कल्लोळ. हात वर, बोटं हलतायत, एक शब्द कळेना. मग त्या गदारोळातून आमचं नाव वर आलं.

"वासीम म्हनून राह्यला," युसुफभाई कुजबुजले, आणि एकदम ओरडले, "वाशीम! वाशीम म्हना!"

कोणाला ऐकू गेलं नाही. सौदा झाला होता. भाव कमीच आला, मला वाटलं होतं त्याहूनही कमी. मी तो त्यांना सांगितला. त्यांनी टोपी सारखी केली.

"घाटा झाला, युसुफभाई."

"झाला तं झाला. अजून एक खेप घेतीन काय ते नाव?"

"आज नाही घेणार बहुतेक."

"थांबू तरी."

हॉल रिकामा होईपर्यंत आम्ही त्या जिन्यात उभे होतो. नाव पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाव पेपरात छापून आला. पुढे नवे शेअर खपले, प्रेसही आली. आयुष्यभर या धंद्यात काढल्यावर मला एवढंच कळलं, की एक्स्चेंजवर जायला लागणारे कागद कोणताही सेक्रेटरी तयार करू शकतो. पहिला सौदा मात्र असा माणूस करतो, ज्याला फायद्यातोट्याशिवाय दुसरंच काही हवं असतं.