बाराव्या गाडीपासून

माझ्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एकोणीस लष्करी गाड्या आहेत. रणगाडे, आठ चाकांच्या सैनिक नेणाऱ्या गाड्या, पाठीवर तोफा आणि रॉकेटं बसवलेले ट्रक. सगळ्यात मोठी माझ्या तळहातावर मावते. टेबलावर छोटंसं मैदान मांडायचं, मोजपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढायचं, असा एक खेळ असतो. त्यासाठी त्या लागतात. मी त्या देशांप्रमाणे लावलेल्या नाहीत. ज्या क्रमाने जोडून झाल्या, त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवल्या आहेत. सुरुवातीला हा क्रम सहज ठेवला होता. नंतर तो मोडावासा वाटला नाही.

मी अंजूरच्या बाजूला एका गोदामात काम करते. बाहेरून आलेला छंदाचा माल तिथे उतरतो, मी तो तपासून संगणकावर चढवते. एखादं खोकं चेपलेलं असलं तर ते दुकानात जात नाही, आमच्यापैकी कुणीही ते कमी भावात घेऊ शकतं. पहिला रणगाडा मी तसाच घेतला. खोक्यावरचं चित्र आवडलं म्हणून नव्हे, आतला माल फुटलाय का ते बघताना सुटे भाग इतके बारीक दिसले म्हणून. प्लॅस्टिकच्या चौकटीत ते ओळीने अडकवलेले असतात. कात्रीने सोडवायचे, पात्याने घासायचे आणि ब्रशने द्रव लावून चिकटवायचे.

शुक्रवार होता. टेमघरच्या आमच्या घरी बाबा सुट्टीवर होते. यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी, माझ्या गोदामाची रविवारी. त्यामुळे आम्ही दोघं पूर्ण दिवस घरात कधी एकत्र नसायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. बाबा जॉबर. माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. मी इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून आमच्यात बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. पालकसभेला ते तेलाचे डाग धुऊन न गेलेला शर्ट घालून यायचे आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे. मी त्यांच्याकडे वळून बघत नसे. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"बाय, यो काय हाय?"

"रणगाडा. जोडायचाय."

"कागूद दाव."

मी जोडणीचा कागद दिला. त्यावर एक अक्षर नसतं. नुसती चित्रं, आकडे आणि बाण. बाबांना इंग्रजी येत नाही, पण त्या कागदावर इंग्रजी नव्हतंच. त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला, चष्मा लावला आणि म्हणाले, "तू चाकं उलटी लावतंस. आदी आतली लाव, मंग भायेरची."

तासाभरात रणगाडा उभा राहिला. मी तीन दिवस लावले असते. इतक्या वर्षांत त्यांच्या बोटांकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. जाड, काळ्या पडलेल्या नखांची ती बोटं तांदळाएवढा भाग चिमटीत धरून एकदाच टेकवायची. पुन्हा हलवायची नाहीत.

मग दर शुक्रवारी मी कामावरून आले की आम्ही बसायचो. ते जोडायचे, रविवारी मी रंगवायचे. त्यांची एक अट होती. रणगाड्याच्या वरचं झाकण बंद चिकटवायचं नाही, उघडं ठेवायचं.

"आत किती मानसं बसतान?"

"तीन. काहींत चार."

"मंग त्यांना भायेर याला वाट नको?"

मोबाइलवर तेव्हा रोज लढाया दिसत होत्या. आमच्या कपाटातल्याच गाड्या तिथे रस्त्याच्या कडेला जळत असायच्या. बाबा ते बघायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. आई मात्र बोलायची. "नळ गलतंय दोन महिनं, त्यो दिसत न्हाय. रणगाडं बांधतान. कुनावर जायचं हाय लढाईला?"

"तुज्या भावावर," बाबा म्हणायचे, आणि आई हसू दाबत आत जायची.

महिन्यातून एकदा मी ठाण्याला खेळायला जाते. एका इमारतीच्या तळघरात सात-आठ टेबलं लागतात. बहुतेक पुरुष, बहुतेक इंग्रजीत बोलणारे. मी फासे टाकते, अंतर मोजते आणि गरजेपुरतं बोलते. एकदा समोरच्या खेळाडूने माझा रणगाडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "काय साफ काम आहे. तूच करतेस?"

"हो," मी म्हटलं.

बाबा करतात म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, ते काय करतात. एवढंच कारण.

अकराव्या गाडीपर्यंत सगळं ठीक होतं. बारावी गाडी, आठ चाकांची, मी रविवारी रंगवायला घेतली तेव्हा पुढचा एक दिवा केसभर खाली बसलेला दिसला. दुसऱ्या बाजूला चाकाजवळ गोंदाचा थेंब ओघळून वाळला होता. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. तेराव्या रणगाड्याचा चाकांवरचा एक पट्टा सैल होता. चौदाव्याची नळी डावीकडे झुकलेली.

पुढच्या शुक्रवारी मी गाडीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघितलं. काम करताना हात जेमतेम ठीक होता, पण फार हळू. काम थांबवून त्यांनी तो मांडीवर ठेवला तेव्हा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलायला लागली, आपण विडी वळतोय तशी. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात झाकला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय केलं ते सांगण्यासाठी आईचं जुनं काम सांगायला हवं.

मी लहान असताना आई घरी कापडाचं मेंडिंग करायची. मागावरून उतरलेला तागा आमच्या दारात यायचा. उजेडाकडे तोंड करून ती तो इंच इंच सरकवायची, कुठे दोरा तुटलाय, कुठे एक धागा निसटलाय ते बोटाने शोधायची आणि सुईने नवा दोरा विणीतून असा ओढायची की मलाही पुन्हा ती जागा सापडायची नाही. कापड विणणाऱ्याला ती कधीच सांगायची नाही. तो आमच्या ओळीतच राहायचा, रोज दारावरून जायचा. मी एकदा विचारलं, त्याला सांगत का नाहीस? ती म्हणाली, "कापूड नीट झाला ना? मंग त्याला कनाला लाजवाचा?" आमच्या घरात हा चांगुलपणा समजला जायचा, आणि तो होताही.

मी तेच केलं. रविवारी बाबा ड्युटीवर गेले की पातं घेऊन मी दिवा अलगद सोडवायचे, घासायचे आणि पुन्हा सरळ लावायचे. बाबांच्या द्रवाने भाग लगेच पकडत नाहीत म्हणून मी झटपट चिकटणारा गोंद वापरायचे. त्यावर रंग दिला की काही दिसायचं नाही. मग गाडी कपाटात. शुक्रवारी बाबा माझ्या खोलीत आले की आधी कपाटासमोर उभे राहायचे, मागच्या आठवड्याची गाडी काढून सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचे. मला वाटायचं, त्यांना रंग आवडतो.

गप्प राहण्याचं कारण केवळ त्यांची लाज राखणं हे नव्हतं. हात बिघडलाय हे उघड झालं की शुक्रवार संपले असते. मला ते नको होतं.

सोळावी गाडी रॉकेटवाली. गोदामात ती नुकतीच आली होती, सगळ्यात बारीक भागांची. तिच्या नळ्यांचा पूर्ण जुडगा मला उखडून पुन्हा बसवावा लागला. दोन रविवार गेले. त्यानंतर एक दिवस ती कपाटात नव्हती. संध्याकाळी बाबांनी ती जेवणाच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेली, बाहेर काढली.

"शेटला दावली," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "त्यो सांगत व्हता, मिस्तरी, आपका हाथ हिलता है, अब आराम करो, हलका काम देता हूँ. मी सांगला, थांब. दुसरे दिवशी गाडी नेली न् त्याच्या म्होरं ठेवली. मी सांगला, ये देखो शेट, ये हाथ का काम है. हिलनेवाला हाथ ऐसा करेगा? त्यानी चष्मा लावून बघितली. आख्ख्या कारखान्यात फिरवली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. माज्या जागेवर मीच हाय."

आई म्हणाली, "डाक्टरला दावा तरी."

"कनाला? मला बी मनात व्हता, हात जरा लटपटतंय. म्हणून तर दर शुक्करवारी बघतो ना. शुक्करवारी जोडताना वाटतं वाकडी झाली. नंतर बघतो तं सरल. म्हंजे हात बरा हाय, डोलं खराब झालंत."

ताटात माझ्यासमोर भात होता. मी तो खाल्ला. त्या क्षणी सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांचा हात कसा आहे हे तपासायचं त्यांच्याकडे एकच साधन होतं, आणि ते मी दर रविवारी बिघडवून ठेवत होते. हे मला तिथेच, त्याच घासाला कळलं. मी पाणी प्यायले आणि ताट उचललं. नंतर तीन गाड्या झाल्या. त्या तिन्ही मी सरळ केल्या.

मागाची मोटर चालू असताना हातानेच तिचा पट्टा चाकावर चढवायचा, ही बाबांची जुनी सवय. त्यांच्या ओळखीचे सगळे जॉबर तसंच करतात. बंद करून चढवायला वेळ जातो आणि विणणारा तोंडाकडे बघत उभा असतो. तीस वर्षं ते हात वेळेत मागे घेत आले होते. एका मंगळवारी दुपारी तो वेळेत मागे आला नाही. उजव्या हाताची मधली दोन बोटं पट्टा आणि चाकाच्या मध्ये गेली. दवाखान्यात मी पोचले तेव्हा ती दुसऱ्या पेरापर्यंत काढून झाली होती.

बँडेजबाहेर राहिलेला अंगठा हलत होता. डॉक्टरांनी तो थोडा वेळ बघितला आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. कंपवात, ते म्हणाले. कधीपासून आहे, त्यांनी आईला विचारलं.

"दोन-तीन महिनं झालं असतील," आई म्हणाली.

मला आठवडा माहीत होता. मी भिंतीकडे बघत राहिले.

बाबा घरी आले. गोळ्या सुरू झाल्या. शेट एकदा फळं घेऊन आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "मिस्तरी, आपकी गाडी ने मुझे धोखा दिया," असं ते हसत म्हणाले. वाईट अर्थाने नव्हे, काही तरी बोलायचं म्हणून. बाबाही हसले. शेट गेल्यावर बाबांनी मला सोळावी गाडी आणायला सांगितली.

त्यांनी ती डाव्या हाताने उलटी केली. गाडीच्या पोटाला मी कधी रंग देत नाही, तिथे कुणी बघत नाही. नळ्या जिथे खालून बसवल्या होत्या, त्या जोडाच्या कडेने प्लॅस्टिकवर पांढरी बुरशीसारखी छटा होती. झटपट गोंदाची वाफ तशी धरते. बाबांचा द्रव तशी खूण सोडत नाही. त्यांनी नखाने ती खरवडली.

"यो माजा गोंद न्हाय."

मी त्यांच्यासमोर चटईवर बसले.

"कवापासून?"

"बारावीपासून," मी म्हटलं.

"सगल्या आन."

मी बाकीच्या अठरा गाड्या त्यांच्यासमोर चटईवर मांडल्या, त्याच क्रमाने, सोळावीची जागा रिकामी ठेवून. त्यांनी डावीकडून मोजल्या. अकरावीनंतर डावा हात आडवा धरून पुढच्या सात माझ्या बाजूला सरकवल्या. एक रणगाडा आडवा झाला, तो त्यांनी उभा केला. मग सोळावी, जी त्यांच्या मांडीवर होती, तीही माझ्या बाजूच्या ओळीत तिच्या रिकाम्या जागी ठेवली.

आई दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"तू सांगाला पायजे व्हता, बाय," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी हात मागं घेतला असता."

ते उठून पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी गाड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. अकरा वरच्या फळीवर, आठ खालच्या. गोदामात नवीन माल उतरतोच आहे, चेपलेली खोकीही निघतात. मी अजून विसावी आणलेली नाही. ठाण्याला मात्र गेले होते. समोरच्याने आठ चाकांची बारावी गाडी उचलली आणि विचारलं, ही कुणी केली. मी सांगितलं, माझ्या बाबांनी केली होती, मी ती बदलली. त्याला काही कळलं नाही. त्याने फासे उचलले.