हरवलेल्यांच्या माईकवर मी

हसायचं असेल तर शेवटी हसा, आधीच सांगते. हा किस्सा सांगताना मी मधेच रडायला लागते, आणि मग समोरच्याला कळत नाही की हसावं की पाण्याचा ग्लास पुढे करावा. पण फजिती माझीच, शंभर टक्के!

आम्ही उइटहॉर्न नावाच्या एका डच गावात राहतो. मी, नवरा सुमेध आणि आमची लेक मैत्री. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नागपूरला माझ्या सासूबाई गेल्या. आम्ही इथे अडकलेलो. त्यांचा शेवटचा निरोपसुद्धा फोनच्या स्क्रीनवर घेतला. पुढे प्रवास सुरू झाला तसं सुमेधने बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इकडे आणलं.

बाबा आले, पण आवाज तिकडेच ठेवून आले. 'हो', 'नको', 'असू दे'. बस्स, एवढंच बोलायचे. आणि माणूस कोण, माहितीये? दरवर्षी दीक्षाभूमीवर हरवलेल्यांच्या मंडपात माईक घेऊन बसणारा! एवढ्या अफाट गर्दीत कुणाचं लेकरू, कुणाची म्हातारी चुकली की बाबांचा आवाज घुमायचा. शेजारी सासूबाई पाण्याचा माठ घेऊन बसलेल्या. असा माणूस दिवसभर खिडकीपाशी गप्प बसलेला मला बघवत नव्हता हो.

त्या उन्हाळ्यात, कोविडमुळे बंद पडलेली कर्मिस, म्हणजे इथली जत्रा, परत भरली. मी ठरवलं, आज बाबांना बोलतं करायचंच! सुमेधची मीटिंग होती, त्यामुळे सगळा कारभार माझ्या हाती. इथेच घात झाला.

"बाबा, स्वेटर घाला. वारा आहे, कानटोपी घाला. फोन द्या इकडे, गर्दीत हरवेल." त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये गेला.

"असू दे," बाबा म्हणाले.

जत्रेत ओलीबोलनचा स्टॉल लागला. ओलीबोलन म्हणजे आपल्या गुलगुल्यांचे डच चुलतभाऊ, वरून पिठीसाखर. बाबांच्या हातात पुडी दिली आणि बजावलं, "इथून हलायचं नाही. मी मैत्रीला डॅशिंग कारमध्ये बसवून येते."

मैत्रीला गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि दुसऱ्या बाजूने उतरून स्टॉलपाशी आले. तोच पिवळा तंबू, तोच तळणाचा वास. बाबा नाहीत!

फोन लावला. तो माझ्याच पर्समध्ये वाजला. घ्या!

मी चारी बाजूंना बघितलं. पलीकडेच नदी. बाबांना ना भाषा येते, ना आमचा पत्ता पाठ. सुमेधला काय सांगू? आई गेल्या, आणि बाबांना मी जत्रेत हरवलं? स्टॉलवाल्याला विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली. मी धावतेय, हाका मारतेय, लोक बाजूला होतायत. तेवढ्यात डॅशिंग कारच्या केबिनमध्ये माईकवर ओरडणारी बाई दिसली. हरवलं की माईक गाठायचा, हे तर आमच्या घरातलंच शिक्षण! मी थेट केबिनमध्ये घुसले. "माय फादर इज लॉस्ट!" बाईने माझं तोंड बघितलं, गाणं बंद केलं आणि माईक दिला.

"बाबा! जिथे असाल तिथून या! कानटोपी घातलेले, तपकिरी स्वेटर..." एवढं नीट बोलले. पुढे बांधच फुटला. "बाबा, मी उगाच हुकूम सोडते, चिडू नका. आईंना शेवटचं भेटता आलं नाही आम्हाला. तुम्ही तरी असे न सांगता जाऊ नका हो..."

अख्खी जत्रा माझ्याकडे बघायला लागली. कुणाला काही कळलं नाही, पण सगळे ऐकत होते.

आणि डॅशिंग कारच्या पलीकडच्या बाजूने बाबा आले. कानटोपी तिरकी, मिशीला पिठीसाखर. तिकडेही तसाच पिवळा तंबू! एकाच मालकाचे दोन स्टॉल, दोन टोकांना. बाबा मी सांगितलं तिथेच उभे होते. चुकीच्या स्टॉलवर मीच गेले होते!

बाबा केबिनमध्ये चढले. माझ्या हातातून माईक घेतला, त्यावर फुंकर मारली.

"हॅलो, हॅलो. कृपया इकडे लक्ष द्यावे. नागपूरची एक सून हरवली होती. नाव प्रज्ञा. स्वभाव तापट, मनाने चांगली. ती सुखरूप सापडली आहे होऽऽ!"

तोच आवाज! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

बाबांनी माझ्याच पर्समधली बाटली काढली. "आधी पाणी पी. तुझी सासू आधी पाणी द्यायची, मगच चौकशी." त्यांचेही डोळे भरले होते. मी घोट घेतला. मग त्यांनी सवयीने विचारलं, "सोबत कोण होतं?"

"सोबत? सोबत..." माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई! मैत्री!"

बाबांनी परत माईक उचलला, पण गरज पडली नाही. केबिनच्या अगदी खाली, थांबलेल्या गाडीत, पट्टा लावलेली माझी लेक दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. "आई, आय ॲम हिअर! अँड एव्हरीबडी इज लुकिंग!"

त्या दिवसापासून बाबा बोलतात. थांबतच नाहीत, खरं तर! आणि कुठे बाहेर निघालो की दारातच मैत्रीला बजावतात, "पोरी, आजोबांची काळजी नको. तू फक्त आईचा हात सोडू नको."

आणि ती सोडत नाही हो. घट्ट धरते.