पडद्यामागचा पाचवा कैदी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळं आयुष्य मास्तरकीत गेलं, पोरांच्या डोक्यातली भुतं उतरवायची हाच धंदा. तरीही हे लिहितोय... आणि तेही माझ्या डोळ्यांना जे दिसलंच नाही त्याबद्दल.

गोवा अजून फिरंग्यांकडे होता, तेव्हाची गोष्ट. रेवदंड्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेवर मी होतो. पावसाळा सरला की तिथे वाळूत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. पडदा मधोमध – पुरुष पुढे, बायका मागच्या बाजूला. मागून चित्र उलटं दिसायचं, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. इंग्रजी सिनेमा असला की मालक मला स्टुलावर चढवून हातात भोंगा द्यायचा आणि मी गोष्ट मराठीत सांगायचो.

त्या संध्याकाळी लागला होता तो सिनेमा म्हणजे चार कैदी आणि एक कोठडी. त्यातला म्हातारा खडूनं भिंतीवर वर्तुळ काढून सैतानाला हाक मारतो आणि एकेक जण भिंतीत नाहीसा होतो. बस्स, एवढंच. बनवणाऱ्यांकडे पैशाच्या नावानं ठणठण गोपाळ! कैद्यानं पाठ टेकली की दगडी भिंत हलायची. सैतान तर एकदाही दिसला नाही, बहुधा त्याच्या कपड्यांपुरतेही पैसे उरले नसावेत. पण काय सिनेमा होता! नुसती खडूची करकर, आणि ज्याची पाळी आली त्याचा चेहरा... मी भोंगा हातात धरून गप्पच उभा राहिलो. पुढे मोठमोठ्या थेटरांत पुष्कळ पाहिलं, पण त्या दरिद्री चित्रासारखं कशानंच मला धरून ठेवलं नाही.

पडद्यामागे बायकांत बायजा बसली होती. तिचा नवरा हाशा पावसाच्या तोंडावर तुफानात सापडला होता. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची आली नाही. आता येत्या अवसेला त्याचे दिवस घालायचे आणि बायजाच्या बांगड्या फोडायच्या असं पंचांनी ठरवलं होतं. कोळणीच्या बांगड्या एका डाव्या हातातच. उजव्या हातातल्या लग्नातच दर्याला देतात, धन्याला सांभाळ म्हणून. बायजा सिनेमाला यायला तयार नव्हती, तिला सासूनंच ओढून आणलं होतं. म्हणे, एकदा बांगड्या गेल्या की हिला तंबूत कोण येऊ देणार?

सिनेमा अर्ध्यावर आला आणि मागून एका बाईनं विचारलं, “गुरुजी, त्या पाचव्याचा काय ते सांगा ना.”

मी म्हटलं, कैदी चारच आहेत. पुरुष हसले. पण बायका ऐकेनात. कोपऱ्यात पाठमोरा एक बसलाय, कपडे ओले आहेत, बाकीचे भिंतीत जातात पण हा जागचा उठत नाही... सगळ्या एकच सांगत होत्या. शेवटी मी उतरून मागे गेलो. त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलं. कोपरा रिकामा होता. त्या मात्र तिकडेच टक लावून बघत होत्या.

बायजा हळूच म्हणाली, “पायाच्या अंगठ्यात जाला अडकवल्यागत विनतोय. हातात सूत न्हाय, काय न्हाय. आमचा धनी हाय तो.”

दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातापाया पडून रीळ उन्हात धरून पाहिलं. कैदी चारच होते.

अवसेला पंच जमले. बायकांनी बायजाभोवती गराडा घातला होता. पाटलांनी मला विचारलं, तुम्ही तिथं होतात, सांगा. मी खरं तेच सांगितलं – मला कोणी दिसलं नाही. पण थांबायला काय हरकत आहे, असंही म्हटलं. तेवढ्यात हाशाची आई उठली.

“माझा पोर कोंडलेला हाय, मेलेला न्हाय. कोंडलेल्याच्या बायकोच्या बांगड्या फोडीत न्हाईत.”

त्या बाईपुढे मनातल्या मनात मी हात जोडले. पंचांपैकी एकाचीही त्या गराड्यात शिरायची छाती झाली नाही.

त्याच हिवाळ्यात गोवा सुटला, दीव-दमण सुटलं आणि हाशा परत आला. वाहत वाहत तो दीवच्या बाजूला लागला होता आणि फिरंग्यांनी हेर समजून त्याला डांबलं होतं. कोठडीत वेळ कसा काढलास, मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, “विनीत बसायचो, गुरुजी. सुताबिगर. हात इसरू नयेत म्हनून.”

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. एकाच वेळी इतक्या जणींना भास कसा होईल? आणि भासच होता, तर तो खरा कसा ठरला? वाचकांपैकी कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा.

मला आठवते ती हाशा आला ती दुपार. सगळे पुरुष वाळूत खिळून उभे होते. एकानं तर त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. पाटलांच्या डोळ्यांना धार लागली होती. पण बायकांपैकी एकीलाही नवल वाटलेलं दिसलं नाही. बायजा गर्दीतून पुढे आली, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, “कालवन निवतंय. चला घरा.”