‘आमची’ बेटं

रवींद्र बापू हा मॉरिशसचा मराठी. खापरपणजोबा कोकणातून ऊस तोडायला गेलेले, आणि हा मॉन्ट्रियलच्या शाळेत इतिहास शिकवणारा. आडनावच बापू, त्यामुळे मराठी मंडळात पोरंटोरंही त्याला बापू म्हणत. मॉरिशसचा विषय निघाला की पोहे गार होईस्तोवर तो थांबत नसे. इंग्रजांनी स्वातंत्र्य देण्याआधी मॉरिशसपासून शागोस बेटं तोडून घेतली, तिथली माणसं हुसकावली, अमेरिकेला लष्करी तळ दिला. "आम्हाला विचारलं कुणी? लहान देशाला विचारतं कोण!" म्हणत तो टेबलावर मूठ आपटायचा.

२०१० साली ब्रिटननं मॉरिशसचा आक्षेप धुडकावून त्या बेटांभोवतीचा समुद्र मासेमारी बंद करून संरक्षित जाहीर केला. बापूनं मॉन्ट्रियलमध्ये निषेधसभा बोलावली. मॉरिशसच्या लोकांनी हॉल भरला. व्यासपीठावर मधोमध साठीच्या ओदेतबाई, शागोसमध्ये जन्मलेल्या, तिथून हाकललेल्या. त्या सोबत असल्या तर समोर बसलेला कॅनडाचा खासदार ऐकेल, हे बापूला पक्कं ठाऊक होतं. बोलायचं मात्र त्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. बाई रडतील, वेळ जाईल. नुसत्या बसल्या तरी पुरे.

"नू झिल!" बापू मॉरिशसच्या क्रेओल बोलीत गरजला. आमची बेटं! टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर ओदेतबाईंनी शांतपणे विचारलं, "त्या 'नू'मध्ये मी आहे का?"

'अर्थातच' म्हणायला बापूनं तोंड उघडलं आणि मध्येच मराठी आडवी आली. क्रेओलमध्ये 'आपली' काय नि 'आमची' काय, 'नू' एकच, त्यात सगळं झाकून जातं. मराठीत तशी सोय नाही. 'आपली' आणि 'आमची' यांत त्याचा नेहमी घोळ व्हायचा, ठाण्याची बायको चित्रा त्यावरून त्याची टर उडवायची. आत्ता या बाईंशी मराठीत बोलायचं असतं, तर यातलं कुठलं तोंडून निघालं असतं? त्याला उत्तर माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. इतकी वर्षं आपटलेली मूठ स्वतःच्याच पाठीत बसली होती.

"बोला ना तुम्ही," त्यानं घाईघाईनं माइक पुढे केला.

"आता?" बाई म्हणाल्या. "मॉरिशसला पोर्ट लुईच्या धक्क्यावर आम्हाला उतरवलं, तेव्हा तुमच्या लोकांनीही विचारलं नव्हतं, कुठे राहाल म्हणून."

त्या पर्स घेऊन खाली उतरल्या. बापू सभा टाकून दारापर्यंत धावला. "थांबा, मी गाडीनं सोडतो."

"नको," त्या म्हणाल्या. "बसनं जाईन. कुठे उतरायचं ते तरी मी ठरवीन."