सीतारामांच्या व्हॉल्व्हला कांताबाईंचा शिक्का

सीताराम वानखडे यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही माणसाला स्वतःचं काम स्वतः पास करू दिलं नाही. ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही, हा तिथला नियम. वस्तू कितीही नामी असो, दुसऱ्याचा शिक्का पडल्याशिवाय ती टेबलावरून हलायची नाही. त्यापायी सीतारामांनी पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पुढे त्या चवीनं सांगितल्याही.

निवृत्तीनंतर हा माणूस घरी गाणी ऐकायचा अॅम्प्लिफायर बनवायला बसला. कारण बायको, कांताबाई. नवी नवरी असताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, की अकोल्याला आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याचा आवाज कसा मऊ. तुमचा हा ट्रान्झिस्टर नुसता कोकलतो. बायकोनं सांगितलेली भाजी नवरे जिन्यात विसरतात, पण सीतारामांनी हे वाक्य पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलं. कांतानं शेजारी बसून एक अख्खं गाणं ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सगळंच व्हॉल्व्हवर करायचं तर ट्रान्सफॉर्मर भलेमोठे लागणार आणि दोन खोल्यांचं घर तापणार. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणाऱ्या माणसाला मध्यम मार्ग सुचला यात नवल नाही. पुढच्या डब्यात काचेच्या नळ्यांचे दोन व्हॉल्व्ह, गाण्याला गोडवा द्यायला. मागच्या डब्यात ट्रान्झिस्टर, स्पीकर हलवण्याच्या अंगमेहनतीला. व्हॉल्व्ह जुन्या बाजारात मिळाले, बाकीचं बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. सुरू करताना आधी व्हॉल्व्हचा डबा, तो तापला की मागचा. एकदा क्रम चुकला तर स्पीकरमधून असा धप्प आवाज निघाला, की शेजारी राहणारे बाळ खरे दारात येऊन विचारून गेले, "वानखडे, रिटायर झालात ना नक्की?"

गाणं लागलं आणि सीताराम हरखले. मात्र आवाज किंचित दबलेला वाटला, म्हणून त्यांनी बारीक सूर उठवणारं ट्रेबलचं बटण थोडं पुढे फिरवलं. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. कांताबाईंना मात्र गाणं सुरू झालं की हमखास काहीतरी आठवायचं. कधी गॅसवरची डाळ, कधी दोरीवरचे कपडे. सीतारामांनी व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या, स्पीकर इकडचे तिकडे केले. बाई स्वयंपाकघरातच. शेवटी ते हिरमुसले. जिच्यासाठी केलं तिलाच नको असेल तर येत्या बुधवारी सगळं जुन्या बाजारात परत, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

त्याआधीच्या रविवारी लेक आली. दीक्षा आयटीत असते. तिच्यासमोर शेवटचं म्हणून त्यांनी गाणं लावलं, तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाबा, ट्रेबल फुल आहे. सिरियसली, कानाला टोचतंय. तुम्हाला हे नॉर्मल वाटतंय?"

सीतारामांनी कांताबाईंकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत होत्या. कोणाच्या घरी कुकरची कितवी शिट्टी झाली हे पडल्या पडल्या सांगणारी बाई. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. वयामुळे तुम्हाला बारीक सूर ऐकू येईनासे झालेत, असं डॉक्टर गेल्याच वर्षी सीतारामांना म्हणाले होते. तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"तुम्ही इतके खुशीत होता," कांताबाई म्हणाल्या. "तुमचे कान गेलेत, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं?"

सीतारामांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण वाईट वाटण्याहून लाज अधिक वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांना परत पाठवलं, आणि म्हातारपणी स्वतःचं काम स्वतःच पास करून बसलो! मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्यांनी दीक्षाकडून कागद मागून घेतला, पट्टीनं रेघा मारल्या, 'बनवणारा' पुढे आपलं नाव घातलं आणि 'तपासणारा' पुढे कांताबाईंचं. बाईंना स्पीकरसमोर खुर्चीत बसवलं, हातात पेन्सिल दिली.

गाणं पुन्हा लागलं. सीतारामांनी बटण मागे घेतलं. कांताबाई म्हणाल्या, आणखी कमी. मग पुन्हा म्हणाल्या, आणखी. सीताराम बटणाकडे बघतच नव्हते, बाईंच्या कपाळावरच्या आठीकडे बघत होते. आठी गेली तिथे त्यांनी हात थांबवला. त्यांच्या स्वतःच्या कानाला गाणं आता गोधडीच्या आडून आल्यासारखं येत होतं. पण कांताबाईंनी डोळे मिटले होते आणि पायाचा अंगठा ठेका धरत होता. गाणं संपेपर्यंत त्यांना डाळ आठवली नाही.

सीतारामांनी कागद पुढे केला. सही करा म्हणाले.

"एका गाण्यावर कोणी माल पास करतं का?" कांताबाई म्हणाल्या. "दुसरं लावा."

सीतारामांनी दुसरं लावलं. डाळ दीक्षानं उतरवली.